तळाशी बसलेला दुसरा

व्हाइटफील्ड, बेंगळुरू
७ सप्टेंबर २०२५

प्रिय आत्या,
सा. न.

फोनवर तुला ऐकू येत नाही म्हणून आपण ईमेलनं पत्रं लिहायला लागलो, पण आज मला त्याचं बरंच वाटतंय. हे मोठ्यानं बोलता आलं नसतं. पीजीच्या भिंती पातळ आहेत, पलीकडच्या खोलीत श्वेता असते, आणि विषय तिचाच आहे.

आमची कंपनी नक्की काय करते, असं तू मागे विचारलं होतंस. बँकांत वगैरे नवीन लागलेल्या मुलांच्या हातात खरी यंत्रणा देता येत नाही, मोडून ठेवतील. म्हणून आम्ही त्यांच्यासाठी लॅपटॉपच्या आत दुसरा, खोटा कॉम्प्युटर उभा करून देतो. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. बिघडला तर फेकायचा आणि साच्यातून नवा काढायचा. यंदाचा साचा श्वेतानं केला, गणपतीच्या तोंडावर. श्वेता पुण्याची, माझ्या शेजारच्या टेबलावर बसते, आणि माझ्यासारखीच अजून कायम झालेली नाही.

गेल्या आठवड्यात ग्राहकाची माणसं बघायला आली आणि त्यांच्यासमोर आमची मशीन एकामागून एक पडली. आधी गोठायची, मग स्क्रीन काळी. ग्राहक गेल्यावर मीटिंग झाली. साचा कोणाचा हे माहीत असूनही मकरंददादानं, टीमचा प्रमुख म्हणून, विचारलं, "साचा कोणी केला?" श्वेतानं हात वर केला. मागून कोणीतरी म्हणालं, "मॅडम ने मशीन बनाई है या मिठाई? हाथ लगाया कि टूट गई." सगळे हसले. मकरंददादाही हसला. आत्या, तो आपल्या गल्लीतला, लहानपणी तुझ्याकडे गणितं विचारायला यायचा तो. त्याचे सगळे दात दिसले. मग लक्षात आलं की माझंही तोंड हसल्यासारखं झालं होतं. प्रसाधनगृहात जाऊन मी ते दोनदा धुतलं.

एक गोष्ट मला खाते आहे. माझा लॅपटॉप सगळ्यांच्या आधी पडायला लागला होता, ऑगस्टमध्येच, श्वेताचा साचा यायच्याही आधी. मशीन गोठतं तेव्हा वरच्या कॅमेऱ्याजवळचा हिरवा दिवा क्षणभर लुकलुकतो. मला वाटलं, माझ्याच हातून काही बिघडलं. मी मकरंददादाला सांगितलं. तो म्हणाला, "रीस्टार्ट कर गं. आणि उगाच बोभाटा करू नकोस, तुझंच नाव खराब होईल." मी गप्प बसले. मीटिंगमध्येही गप्पच बसले. हे चूक होतं का?

तुझी,
कस्तुरी


नागपूर
१० सप्टेंबर २०२५

चि. कस्तुरीस,
अनेक आशीर्वाद.

चूक होतं का, हे मला विचारू नकोस. आधी काय झालं ते शोध.

तुला तब्येतीमुळे पाचवीपर्यंत शाळेत घातलं नव्हतं तेव्हा आपण मुगाच्या वाट्या मांडायचो, आठवतं? एक अंधारात, एक उजेडात, एक कोरडी. तू एकदा एका वाटीला पाणीही जास्त घातलंस आणि ती खिडकीतही नेऊन ठेवलीस. मोड आले नाहीत तर रडायला बसलीस. मी काय म्हटलं होतं? एका वेळी एकच गोष्ट बदल, नाहीतर कोणाला दोष द्यायचा ते कधीच कळणार नाही. तेच कर. साचा तोच ठेव, लॅपटॉप बदल. मग लॅपटॉप तोच ठेव, साचा बदल. यात कॉम्प्युटर कळायची गरज नाही, म्हणून मी सांगू शकते.

मकरंदवर एवढी चिडू नकोस. वर बसलेल्या माणसाला हसावं लागतं. परक्या गावात आपला म्हणावा असा तो एकच आहे, आणि ही नोकरी त्यानंच सुचवली.

टेबलावर बसून डबा खात जाऊ नकोस. पोह्यांचे कण कीबोर्डात पडतात आणि मग तू दिवसभर तो स्पिरिटनं पुसत बसतेस. पाठ वाकवून बसतेस तेही सोड. तो पिवळा कुर्ता आता खांद्यावर विटला आहे, दिवाळीला नवीन घे.

तुझी,
आत्या


व्हाइटफील्ड
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय आत्या,

तुला इतक्या लांबून कसं कळतं गं, की मी पोहेच खाते आणि टेबलावरच खाते? वाचून हसू आलं. मग थोडा वेळ रडूही आलं, कारण इथे मी काय खाते याच्याशी कोणाला घेणं नाही. पीजीत जेवण वाढणाऱ्या प्रेमा अक्का सोडून, पण त्यांचं वेगळं. मी ताटात काही टाकलं की त्या म्हणतात, "स्वल्प तिन्नम्मा," म्हणजे थोडं तरी खा, आणि पुढच्या मुलीकडे वळतात.

तू सांगितलंस तसं सुरू केलं. प्रशिक्षणाच्या खोलीत एक जुना लॅपटॉप पडून आहे, कोणी वापरत नाही. तो मागितला तेव्हा प्रशासनातल्या बाईंनी तीन वेळा विचारलं, "किसलिए?" मी खरं कारण सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "तुम्हारा काम है क्या ये?" माझं काम नाहीच. रीतसर अर्ज करून घेतला तरी दिवसभर चोरी केल्यासारखं वाटत होतं.

त्यावर श्वेताचा साचा चढवला. सकाळी सुरू केला तो संध्याकाळी बस पकडेपर्यंत चालू होता. एकदाही गोठला नाही.

आता उलट करायचं, माझ्या लॅपटॉपवर गेल्या वर्षीचा जुना साचा. ते उद्या-परवा.

वेळ फार नाही. मकरंददादानं श्वेताला सांगितलंय की शुक्रवारी, सव्वीस तारखेला, मोठे साहेब आणि एचआरची माणसं बसणार आहेत, "मनाची तयारी ठेव." कामात गंभीर चूक म्हणून काढलं तर ते तिच्या कागदावर, अनुभवाच्या दाखल्यावर, येईल, आणि तो कागद पुढची कंपनी मागते. श्वेता जेवत नाही. काल ती मला म्हणाली, "कस्तुरी, मी काहीतरी चुकले असणारच नं? सगळे म्हणतायत तर." सगळे म्हणतायत म्हणून! आत्या, या वाक्याची मला इतकी शिसारी आली की ते बोलणाऱ्या श्वेताचीही क्षणभर आली. हे बरोबर नाही, मला माहीत आहे.

तुझी,
कस्तुरी


नागपूर
१६ सप्टेंबर २०२५

चि. कस्तुरीस,
आशीर्वाद.

चाललंय ते ठीक चाललंय. उलटी बाजूही तपास, त्याशिवाय अर्धंच उत्तर.

पण श्वेताच्या भानगडीत किती उतरायचं याचा विचार कर. तूही अजून कायम नाहीस. जेवणाच्या सुट्टीतसुद्धा स्वतःचं सोडून तिचंच काम करत बसतेस, हे वरच्यांच्या नजरेत येतंच. मकरंदकडे जाऊन सरळ सांग, तो ऐकेल.

आणि केस कापायच्या आधी मला एका ओळीनं विचारलं असतंस तर काय बिघडलं असतं? इतकी वर्षं तेल लावून, वेण्या घालून वाढवलेले केस. असो. कपाळ मोकळं झालंय, चेहरा जरा मोठा वाटतो. वाईट दिसत नाही.

नवरात्रात उपास करू नकोस, तुला झेपत नाहीत.

तुझी,
आत्या


व्हाइटफील्ड
१८ सप्टेंबर २०२५

आत्या,

आधी कामाचं लिहिते, दुसरं नंतर.

माझ्या लॅपटॉपवर गेल्या वर्षीचा जुना साचा चढवला. तोही पडला. म्हणजे श्वेताच्या साच्यात दोष नाही, दोष आमच्या लॅपटॉपमध्ये आहे. मग मी विंडोजमध्ये यंत्राची माहिती देणारं एक पान असतं ते उघडलं. ते कोणालाही उघडता येतं, त्याला परवानगी लागत नाही, मी नियम वाचून खात्री केली. खाली एक ओळ होती. तिचा साधा अर्थ असा, की या लॅपटॉपच्या तळाशी आधीच कोणीतरी बसलेलं आहे.

खोटा कॉम्प्युटर उभा करायला प्रोसेसरमध्ये एक खास सोय असते. ती एका वेळी एकाच सॉफ्टवेअरनं धरायची असते. एका सिलिंडरला एकच रेग्युलेटर बसतो, तसं समज. आमचं सॉफ्टवेअर ती धरायला जातं, पण खाली दुसऱ्यानं ती आधीच धरलेली असते. दोघं ओढतात आणि आमचं मशीन गोठतं. जुन्या लॅपटॉपवर तो दुसरा नाही, म्हणून तिथे सगळं दिवसभर चालतं.

हा दुसरा कोण, ते त्याच्या फाइलच्या नावावरून शोधलं. ते कर्मचाऱ्यांवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर आहे. बंद करता येऊ नये म्हणून ते विंडोजच्याही खाली जाऊन लपतं, म्हणून त्याला तीच सोय लागते. मधून मधून ते स्क्रीनचं चित्र घेतं आणि कॅमेऱ्यातून समोर बसलेल्या माणसाचा फोटो काढतं. हिरवा दिवा त्याचा होता. फाइलवरच्या तारखा बघितल्या. बाकीच्या लॅपटॉपवर ते सप्टेंबरमध्ये आलं. माझ्यावर ऑगस्टमध्ये. आमच्या टीममध्ये ते घालायचा अधिकार एकट्या मकरंददादाला आहे, आणि मीटिंगमध्ये तो छातीवर हात ठेवून म्हणाला होता, "मशीनवर आम्ही काहीही बदललेलं नाही."

मी पोहे खाताना, जांभई देताना, दातात अडकलेलं काढताना तो दिवा लुकलुकत होता. माझं तोंड उघडं असलेले फोटो कुठेतरी पडलेले आहेत. मला माझ्याच चेहऱ्याची घाण वाटते आहे.

आता दुसरं. केस मी गेल्या गुरुवारी पीजीच्या बाथरूममध्ये, प्रेमा अक्कांची कात्री मागून घेऊन कापले. घरी कोणालाही सांगितलं नाही, फोटो पाठवला नाही, कुठे टाकलाही नाही. तू रागावशील म्हणून दिवाळीपर्यंत लपवणार होते.

माझं कपाळ मोकळं झालंय हे तुला कोणी सांगितलं?

कस्तुरी


नागपूर
२० सप्टेंबर २०२५

चि. कस्तुरीस,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते. तुला हे माझ्याबद्दल पहिल्यांदाच ऐकायला मिळत असेल.

तू बेंगळुरूला निघालीस तेव्हा मी शिऱ्याचा डबा घेऊन मकरंदच्या आईकडे गेले होते. मकरंदलाही फोन लावून दिला होता तिनं. मी म्हटलं, "पोरगी कधी घराबाहेर राहिली नाही. आजारी पडली तरी सांगायची नाही. तुझं लक्ष असू दे." कोणत्या घरातून मुलगी बाहेरगावी जाताना हे म्हटलं जात नाही?

ऑगस्टमध्ये तुला ताप आला आणि बरेच दिवस पत्र नाही. मी त्याला विचारलं. त्यानं व्हॉट्सॲपवर तुझा फोटो पाठवला, "काकू, ठीक आहे ती, आज ऑफिसला आलीय, बघा." मला इतकं बरं वाटलं. मग पुन्हा मागितला. मग तो आपणहूनच पाठवायला लागला. मला वाटायचं, येता-जाता काढत असेल. नंतर एकदा मनात आलं की हा इतक्या समोरून, इतक्या जवळून फोटो काढतो आणि ही एकदाही त्याच्याकडे बघत कशी नाही. तो विचार मी बाजूला ठेवला. बाजूला ठेवला हे खरं आहे.

यात तुझ्या वाईटाचं काही नव्हतं. लहानपणी तुझ्या पाठीशी उभी राहून मी तुझी पाटी बघायचे, तेव्हा तुला घाण वाटत नव्हती. मी उठून गेले तर तू हाक मारायचीस.

आता माझं ऐक. साहेबांना तुझा प्रयोग दाखव, श्वेता सुटेल. फोटोंचा विषय काढू नकोस. मकरंदची नोकरी जाईल. त्याची आई रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसून सावकाश ओठ हलवून गल्लीतल्या बातम्या सांगते. माझे कान गेल्यापासून तेवढं एक माणूस माझ्याशी बोलतं. तिला मी काय तोंड दाखवू?

आत्या


व्हाइटफील्ड
२१ सप्टेंबर २०२५

आत्या,

पाटी बघायला तू माझ्या मागे उभी राहायचीस तेव्हा तुझा पदर माझ्या मानेला लागायचा. तू आहेस हे मला माहीत असायचं. हे त्याच्यासारखं आहे असं पुन्हा लिहू नकोस.

प्रयोग मी शुक्रवारी मकरंददादाला दाखवला. तूच म्हणाली होतीस, सरळ सांग, तो ऐकेल. त्यानं ऐकलं. मग दार लावून घेतलं आणि म्हणाला, "हे बघ, ते सॉफ्टवेअर आम्ही साचा बिघडल्यानंतर घातलं. बिघाड कोण करतंय ते शोधायला. तारखा बघ." तारखा त्यानं बदलल्या आहेत आत्या. माझ्या लॅपटॉपवरही आता सप्टेंबरचीच तारीख दिसते. मी ऑगस्टमधलं सांगितलं तर म्हणाला, "तुझ्याकडे काय पुरावा आहे? तेव्हा तू तक्रार तरी लिहून केली होतीस का?" नव्हती केली. त्यानंच करू दिली नव्हती.

आणि मग अगदी घरच्या सुरात: "अगं, तुझ्यावर आधी का टाकलं माहीत आहे? कोणावर तरी चाचणी घ्यायचीच होती. म्हटलं, हिच्या घरच्यांची तर परवानगीच आहे. काकूंनी स्वतः सांगितलंय लक्ष ठेव म्हणून." त्यानं माझ्या खांद्यावर थोपटलं. तो कुर्ता मी गरम पाण्यात बुडवून ठेवला आहे. पिवळाच होता.

तुझी परवानगी. माझी कोणी विचारली नाही, त्यानंही नाही आणि तूही नाही.

मला तुझ्याशी भांडायचं नाही, भांडायला वेळ नाही. ऑगस्टमध्ये, श्वेताच्या साच्याच्या आधी, ते सॉफ्टवेअर माझ्या लॅपटॉपवर होतं याचा पुरावा आता एकाच ठिकाणी आहे. तुझ्या फोनमध्ये. माझा तो पहिला फोटो, आणि त्याच्यावरची तारीख.

मकरंदच्या आईशी तू बोलतेस हे मला माहीत आहे. श्वेताची आईही कोणाशी तरी बोलत असेल.

खाली एचआरचा आणि मोठ्या साहेबांचा पत्ता लिहिला आहे. सगळे पाठव. घाणेरडे असतील तेही. मी निवडून दे म्हणत नाही.

कस्तुरी


नागपूर
२३ सप्टेंबर २०२५

कस्तुरी,

पाठवले. सगळे. त्याचे निरोपही जसेच्या तसे पाठवले, माझे मागणीचे निरोपही. मराठीत आहेत, खाली हिंदीत अर्थ लिहून दिला. मी कोण, त्याला काय सांगितलं होतं आणि काय सांगितलं नव्हतं, तेही लिहिलं. फोटो काढ असं मी पहिल्यांदा म्हटलं नव्हतं. दुसऱ्यांदा म्हटलं होतं. तसंच लिहिलं.

पाठवायच्या आधी मकरंदच्या आईकडे गेले. तिला दुसरीकडून कळू नये म्हणून. तिनं ऐकून घेतलं, मग काहीतरी बोलली, पण तोंड फिरवून बोलली. मला वाचता आलं नाही.

आत्या


व्हाइटफील्ड
२७ सप्टेंबर २०२५

आत्या,

मीटिंग काल झाली. तुला सांगायला हवं म्हणून सांगते.

त्यांनी तुझं पत्र भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर लावलं. मग फोटो. मी म्हटलं, तारखा दाखवल्या तरी पुरे, पण साहेब म्हणाले, "देखना पड़ेगा." पहिला फोटो ऑगस्टमधला. मी नाक शिंकरत होते. खोलीभर माझं लाल नाक. मी खाली बघितलं नाही. ठरवलं होतं, की सगळे बघतायत तर मीही बघेन. एकामागून एक. पोहे. जांभई. एकात मी रडत होते, का ते आठवत नाही. शेवटचा कापलेल्या केसांचा. तुझ्या मागणीचे निरोपही वाचून दाखवले गेले. "आज डबा खाल्ला का तिनं?" हे हिंदीत, एचआरच्या बाईंच्या सपाट आवाजात. तेव्हा मला पहिल्यांदा तुझा राग यायचा थांबला. तुझी कीव आली. ती रागाहून बरी आहे का, सांगता येत नाही.

मकरंददादानं सगळं कबूल केलं आणि तरीही शेवटी म्हणाला, "इनकी फॅमिली की परमिशन थी." एचआरच्या बाईंनी मला विचारलं, "थी क्या?" म्हणजे त्यांनाही तो प्रश्न रास्त वाटला. मी म्हटलं, मी सज्ञान आहे. तो लॅपटॉप तुमचा आहे, चेहरा माझा आहे. माझा आवाज चिरका निघाला. निघू दे.

मग मी माझा आणि तो जुना, दोन्ही लॅपटॉप शेजारी मांडले. जुन्यावर श्वेताचा साचा चालला, माझ्यावर पडला. तिथल्या तिथे खालचं सॉफ्टवेअर काढायला लावलं, लॅपटॉप पुन्हा सुरू केला, तोच साचा चढवला. चालला. मीटिंग संपली तरी चालतच होता, बंद करायचं सगळेच विसरले. बदललं ते एकच. तुझ्या वाट्यांसारखं.

श्वेता राहिली. तिच्या कागदावर काही येणार नाही. मकरंददादाला काढलं नाही. हेब्बाळच्या ऑफिसात दुसऱ्या टीमवर पाठवलं आहे, एवढं त्याच्या आईला सांग. मला दुःख झालं नाही आणि आनंदही नाही.

तू म्हणशील, मग सगळं ठीक झालं. ऐक. संध्याकाळी सगळ्यांना मेल आला. "प्रक्रियेत त्रुटी राहिली." ते सॉफ्टवेअर जाणार नाही. आमच्या व्हर्च्युअल मशीनशी न भांडणारी त्याची नवी आवृत्ती येणार आहे, आणि यापुढे सगळं नियमानं, म्हणजे प्रत्येकानं खाली सही करून संमती द्यायची. त्यांना घाण वाटली ती फक्त मशीन पडण्याची. पहिली सही श्वेतानं केली. मी बघत असताना. म्हणाली, "मला ही नोकरी हवी आहे गं, तू चिडू नकोस." मी चिडले नाही. पण रात्री प्रेमा अक्कांनी सारू-भात वाढला तेव्हा आम्ही एका टेबलावर बसून एकमेकींकडे बघितलं नाही.

मी सही केली नाही. सोमवारी राजीनामा देते. दुसरं काही हातात नाही. जयनगरला एका छोट्या कंपनीत मुलाखत आहे, तिथे आधी हेच विचारणार आहे. घाबरले आहे. लॅपटॉप परत करेपर्यंत कॅमेऱ्यावर टिकली लावली आहे, मी निघताना तू बॅगेत टाकलेल्या पाकिटातली. मी टिकली लावत नाही हे माहीत असून टाकली होतीस. ही उपयोगी पडली.

आता माझ्याबद्दल काही जाणून घ्यायचं असेल तर मला विचार. मी सांगेन, किंवा सांगणार नाही. दोन्ही तुला चालवून घ्यावं लागेल.

कस्तुरी


नागपूर
५ ऑक्टोबर २०२५

चि. कस्तुरीस,

दसरा झाला. मकरंदची आई सोनं द्यायला आली नाही. मी गेले. तिनं दार उघडलं, पानं घेतली, बस म्हणाली नाही. पुढच्या वर्षी पुन्हा जाईन.

ते फोटो मी फोनमधून पुसले. कसे पुसायचे हे समोरच्या दुकानातल्या मुलीला विचारलं, पण फोन तिच्या हातात दिला नाही. ती सांगत गेली, मी पुसत गेले. पुसताना एकही उघडून बघितला नाही. आता कापलेल्या केसांत तू कशी दिसतेस हे मला माहीत नाही. कपाळ मोकळं होतं एवढं आठवतं, तेही जाईल.

तेव्हा विचारते. केस कुठवर कापलेस? मानेपर्यंत की खांद्यापर्यंत? मुलाखत कशी झाली? सांगावंसं वाटलं तर सांग.

इथे, "उत्तर दिलं नाहीस तरी चालेल," असं लिहिलं होतं. खोडलं, कारण ते खरं नाही, आणि तुझ्याशी आता खरं तेवढंच लिहायचं आहे. चालणार नाही. पण मी वाट बघेन. दुसऱ्या कोणाला विचारणार नाही.

तुझी,
आत्या